निरोगी गटातला एक नमुना

तोंडाच्या कर्करोगाचा माग लाळेतून काढता येतो का, हे तपासणाऱ्या एका अभ्यासासाठी मी काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत काम करत होते. रुग्णांसोबत आलेले नातेवाईक हा आमचा तुलनेसाठीचा निरोगी गट होता. तासभर काही खायचे-प्यायचे नाही, चूळ भरायची आणि मान खाली घालून लाळ आपोआप नळीत उतरू द्यायची, एवढेच त्यांना करायचे असे. नळी लगेच बर्फात जाई.

त्या दिवशी कर्करोगाची खूण ठरू शकेल असे इंटरल्यूकिन-8 हे प्रथिन मोजण्याची एलायझा प्लेट, म्हणजे प्रमाण रंगावरून दाखवणारी बारीक खळग्यांची थाळी, माझ्यासमोर होती. शेवटी आम्ल घातले की खळग्यांतला निळा रंग पिवळा होतो आणि प्रथिन जितके जास्त तितका तो गडद दिसतो. निरोगी गटाच्या फिकट ओळीत एकाच नमुन्याचे दोन खळगे हळदीसारखे पिवळेधमक झाले होते. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून राखून ठेवलेली दुसरी नळी काढून चाचणी पुन्हा केली. रंग तोच आला.

तरीही मी सावध होते, कारण हे प्रथिन दाहाचे आहे आणि नुसत्या हिरड्या सुजल्या तरी लाळेत वाढते. चाचणीने कर्करोग लवकर हुडकता येतो, हे खरे: हाँगकाँगमधल्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20,174 पुरुषांच्या रक्तात एपस्टाईन-बार विषाणूचा डीएनए शोधून नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचे 34 रुग्ण हुडकले होते, आणि त्यांतले बहुतेक लवकरच्या अवस्थेत होते. पण तिथे त्या विषाणूचे गाठीशी थेट नाते असते. आपल्याकडे तंबाखूमुळे होणाऱ्या गालाच्या कर्करोगात असा हाती धरण्याजोगा विषाणू बहुधा नसतोच.

नीतिमत्ता समितीच्या परवानगीने सांकेतिक क्रमांक उलगडला, तेव्हा तो नमुना आमच्याच एका रुग्णाच्या पत्नीचा निघाला. अर्जावर ‘तंबाखू : नाही’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मावशींना बोलावून घेतले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“तंबाखू मी कशाला खाऊ, ताई? मशेरी तेवढी लावते, सकाळ-संध्याकाळ.”

भाजलेल्या तंबाखूची ती पूड त्या पंचवीस वर्षे हिरड्यांना लावत होत्या, आणि मी मात्र मशेरीचे नावही काढले नव्हते. दंतवैद्यांनी गाल बाजूला करून बॅटरीच्या उजेडात पाहिले. खालच्या दाढेशेजारी, गाल आणि हिरडीच्या खाचेत, पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढा लालसर, खरबरीत ठिपका. बोटाला तो कडक लागत होता. मावशींना काडीचेही दुखत नव्हते. तुकडा तपासणीत कर्करोग निघाला, अगदी सुरुवातीचा.

चाचणीने कर्करोग पकडला, असे आमच्यातले काही जण उत्साहाने म्हणू लागले. मला ते मान्य नव्हते आणि आजही नाही. मावशींच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, त्यांतून रक्तही येत होते. तो पिवळा रंग गाठीचा किती आणि हिरड्यांचा किती, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी घेतलेल्या लाळेत प्रथिन बरेच उतरले होते, पण तोवर त्यांचे दातही साफ झाले होते आणि मशेरीही सुटली होती. त्यांचा नमुना आम्ही दोन्ही गटांतून वगळला.

त्यानंतर अर्जात मशेरीसाठी वेगळा रकाना आला, आणि निरोगी म्हणून बसलेल्या प्रत्येकाचे तोंड दंतवैद्यांनी उजेडात पाहिल्याशिवाय मी नळी हाती दिली नाही.