दुसऱ्याची गाजलेली भूमिका हाती घेताना: सहा जेम्स बॉन्ड

दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की वडशाच्या नाट्यकंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावोगावी रात्रभर खेळ करतात. नाटक चाललं की पुढे कधीतरी नट बदलतो, भूमिका मात्र तीच राहते. मग नवा नट जुन्याच्या लकबी उचलतो आणि प्रेक्षकांना जुनाच आठवत राहतो. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातल्या, अशा प्रत्येक नटाने जेम्स बॉन्ड नीट अभ्यासावा. 1962 ते 2021 या काळात मूळ मालिकेत सहा जणांनी हा एकच हेर उभा केला.

त्यासाठी सगळे पंचवीस सिनेमे बघायची गरज नाही. आधी फक्त बंदुकीच्या नळीतून दिसणारा सुरुवातीचा तुकडा आवाज बंद करून बघा. हेर चालत येतो, वळतो, गोळी झाडतो. पहिल्या तीन सिनेमांत तिथे शॉन कॉनरी नाहीच, बॉब सिमन्स हा स्टंटमन आहे. कॉनरी तिथे आला 1965 च्या ‘थंडरबॉल’पासून. 1969 मध्ये जॉर्ज लॅझेन्बी गुडघा टेकतो. 1973 मध्ये रॉजर मूर टोपीशिवाय येतो आणि पिस्तूल दोन्ही हातांनी धरतो. पिअर्स ब्रॉस्नन ताठ उभा राहूनच झाडतो. हालचाल ठरलेली, वेळ काही सेकंदांचा, तरी प्रत्येकाचं अंग वेगळं बोलतं.

मूरकडून शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे. कॉनरीचा बॉन्ड चालण्यात होता, दबा धरलेल्या बिबट्यासारखा. मूरने त्या चालीशी स्पर्धाच केली नाही. त्याच्या पहिल्या सिनेमात सिगारेटऐवजी सिगार आणि मार्टिनीऐवजी बर्बन आली. मारामारीत तो कॉनरीएवढा पटणार नव्हता, म्हणून त्याने जोर संवादाच्या फेकीवर आणि एका भुवईवर दिला. पण 1981 च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ची सुरुवात बघा. तो बायकोच्या कबरीवर फुलं ठेवतो. ती बायको मेली लॅझेन्बीच्या सिनेमात! माणूस बदलला तरी पात्राचं दुःख तेच आहे, हे मूर एका शब्दाविना दाखवतो. पूर्वीच्या नटाचा असा वारसा जरूर घ्यावा. लकब मात्र त्याची त्यालाच राहू द्यावी.

टिमोथी डाल्टनवर अन्याय झाला, असं माझं ठाम मत आहे. त्याने बॉन्डचा मूळ लेखक इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्या वाचून थकलेला, रागीट हेर उभा केला. अडचण संहितेत होती. 1987 च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये तो चेलोच्या पेटीत बसून बर्फावरून घसरत जातो. हा प्रसंग मूरच्या मापाचा. नट एकीकडे ओढतो, प्रसंग दुसरीकडे, आणि प्रेक्षक म्हणतो, ‘जमलं नाही.’ तोच कठोरपणा 2006 मध्ये डॅनियल क्रेगला साधला, कारण ‘कॅसिनो रोयाल’ची संहिताच त्या सुराची होती. बॉन्डला हत्यारं देणारा क्यू नाही, वरिष्ठांची सचिव मनीपेनी नाही, आणि ‘बॉन्ड, जेम्स बॉन्ड’ ही ओळ थेट सिनेमाच्या शेवटी. जिन्यातल्या मारामारीनंतर क्रेग आरशासमोर रक्त धुतो, व्हिस्की घेतो आणि स्वतःकडे बघतो. मारामारीपेक्षा तो आरसा जास्त वेळा बघा. म्हणून भूमिका नव्या सुरात करायची असेल तर तालमीआधीच दिग्दर्शकाबरोबर बसून जुन्या नटासाठी लिहिलेले विनोद काढा. ते तसेच ठेवून नुसता चेहरा गंभीर केला, की डाल्टनचं झालं तेच होतं.

लहान कृती कशी बेतायची, ते ब्रॉस्नन आणि क्रेगकडे बघून कळतं. ‘गोल्डनआय’मध्ये ब्रॉस्नन रणगाड्यातून भिंत फोडतो आणि टाय सरळ करतो. ‘स्कायफॉल’मध्ये क्रेग आगगाडीच्या फुटलेल्या डब्यात उडी टाकतो आणि शर्टाची बाही नीट करतो. दोन्ही कृती संकटानंतर लगेच येतात आणि पटकन संपतात. तीच लकब दर प्रवेशात केली तर ती नक्कल ठरते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. मूरची भुवई कॅमेऱ्याने जवळून टिपली आहे. आपल्याकडे शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती दिसणारच नाही. तीच बेफिकिरी खांद्यातून, मान वळवण्याच्या वेगातून, वाक्याआधी थांबण्यातून दाखवावी लागते. आणि ती थांबण्याची जागा प्रॉम्प्टरला आधी सांगून ठेवा, नाहीतर नट अडकला असं समजून तो पुढची ओळ देऊन टाकतो.