बेताच्या फेसाचा साबण: आमची वाटचाल

आमचा साबण पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण एकच विचारतात, "यात घालता तरी काय?" दूध, मध, कोरफड असं काहीतरी उत्तर त्यांना अपेक्षित असतं. आम्ही सांगतो, यात खोबरेल तेल कमी आहे आणि तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडाही जरा कमी आहे. ऐकणारा थोडा गोंधळतो, पण आमचा सगळा व्यवसाय या दोन कमी केलेल्या गोष्टींवर उभा आहे.

बहिणीने आणि मी हे काम घरातच सुरू केलं. तिच्या नोकरीत दिवसभर हात धुवावे लागायचे, त्यामुळे बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या. मलम लावावं, तर पुढच्या धुण्यात ते निघून जायचं. म्हणून साबणाकडेच बघायचं ठरवलं.

खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा साबण पाण्यात झटकन विरघळतो, भरभरून फेस देतो आणि वडीही टणक होते. त्यामुळे साबण करणाऱ्याला हे तेल हवंहवंसं वाटतं. पण जो साबण मळ इतक्या जोरात काढतो, तो त्वचेचं स्वतःचं तेलही सोबत घेऊन जातो. उलट ऑलिव्ह तेलात ओलिक आम्लाचा भरणा असतो. त्याचा साबण सौम्य, पण फेस बेताचा आणि नुसत्या ऑलिव्हची वडी मुरायला कितीतरी महिने घेते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं हेच आमचं सुरुवातीचं काम होतं.

परीक्षा घ्यायची आमची रीत आजही तीच आहे. डाव्या हाताला एक वडी, उजव्या हाताला दुसरी. पाणी तेच, वेळ तेवढाच. मग टॉवेलने नुसतं टिपायचं, काही लावायचं नाही आणि थांबायचं. धुतल्या धुतल्या दोन्ही हात सारखेच वाटतात. फरक कळतो तो काही मिनिटांनी, मूठ वळली की. पेरांवरची कातडी ओढली गेली, तर ती वडी बाद. खोबरेल 40 टक्के, 30, 20, 15 असं उतरत गेलो, तेव्हा 30 ला अजून ओढ जाणवत होती आणि 15 ला फेस फारच विरळ झाला होता. म्हणून 20 वर थांबलो आणि फेसाला आधार म्हणून एरंडेल घेतलं. एरंडेल फेस टिकवून धरतं, पण जास्त झालं की वडी चिकट होते.

आमचा मूळ हिशेब लपवण्यासारखा नाही. एक किलो तेलात ऑलिव्ह 600 ग्रॅम, खोबरेल 200, कोको बटर 120 आणि एरंडेल 80. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा वेगळा असतो: एक ग्रॅम खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम, तर ऑलिव्हला 0.135 च्या आसपास. या मिश्रणातलं सगळं तेल साबण व्हायला सुमारे 144 ग्रॅम सोडा लागेल. आम्ही 7 टक्के कमी, म्हणजे 134 ग्रॅम घेतो आणि पाणी त्याच्या दुप्पट. त्यामुळे थोडं तेल वडीत तसंच शिल्लक राहतं. त्याच्या जोडीला साबण होताना आपोआप तयार झालेलं ग्लिसरीनही आम्ही काढून घेत नाही. सोडा आणखी कमी करण्याचा मोह होतो, पण शिल्लक तेल वाढलं की वडी मऊ पडते आणि पुढे खवट वास येऊन केशरी डाग धरते. आमच्या मते 5 ते 8 टक्के ही शहाणपणाची मर्यादा आहे.

घरी करून बघणाऱ्यांना मात्र आवर्जून सांगतो: सगळं वजनावर मोजा, वाटीने नको. तेल बदललं की हिशेब नव्याने मांडा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. द्रावण क्षणात 80 अंशांच्या पुढे तापतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको, सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो.

घरातून छोट्या जागेत आलो, परवाने झाले, मदतीला माणसं आली. ते सगळं रीतसर झालं. खरी कसोटी लागली ती मुरवण्याची. ओतल्यावर एक-दोन दिवसांत वड्या कापता येतात, पण त्या विकण्याजोग्या होत नाहीत. पाणी उडून जातं, वडी घट्ट होते, फेस सुधारतो आणि हाताला ती नरम लागायला लागते. आम्ही प्रत्येक घाणा सहा आठवडे मांडणीवर ठेवतो. तोवर पैसा तिथेच अडकून असतो. एका मोठ्या खरेदीदाराला माल लवकर हवा होता, आम्ही ती मागणी सोडली. त्या महिन्यात ओढाताण झाली, तरी तो निर्णय मला आजही पटतो.

पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, त्वचेसारखा 5.5 असलेला साबण करा, अशी मागणीही नेहमी येते. खऱ्या साबणाचा पीएच 9 ते 10 च्या आसपासच असतो. तो त्वचेइतका खाली आणला, तर साबण मोडून पुन्हा चरबीयुक्त आम्लं सुटी होतात. हे आम्ही स्पष्ट सांगतो आणि ज्यांना त्वचेचा आजार आहे त्यांना आधी डॉक्टरांना विचारायला सांगतो. सुगंधाचंही तसंच. लॅव्हेंडरसारख्या तेलांतलं लिनालूल हवेशी संयोग पावून काहींच्या त्वचेला त्रास देऊ शकतं, मग ते तेल कितीही नैसर्गिक असो. म्हणून आमची मुख्य वडी बिनवासाची आहे.

जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाची साय धरते आणि हात चिकट वाटतात, ही तक्रार रास्त होती. त्यासाठी किलोमागे 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालायला लागलो. ते सोडा खातं, म्हणून सोडा सुमारे 6 ग्रॅमने वाढवावा लागतो. त्यातून बनणारं सोडियम सायट्रेट पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि साय बरीच कमी होते.

सध्या ऑलिव्हचा काही भाग काढून तिथे जास्त ओलिक असलेलं सूर्यफूल तेल घालून बघतो आहोत. साध्या सूर्यफूल तेलात लिनोलिक आम्ल जास्त, त्यामुळे ते लवकर खवटतं. या जातीचं तेल ऑलिव्हच्या जवळ जातं. हाताला ते चांगलं वाटतंय. डाग धरतं का, हे कळायला मात्र काही महिने लागतील, आणि तोवर त्या वड्या विक्रीला काढणार नाही.