पुरणाची डाळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदशेकणीच्या सकाळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या दुकानात मी उभा होतो. पाच तालुक्यांत किराणा दुकानं असलेल्या एका मालकाच्या जाहिराती मी करतो. फलक, भिंतीवरची रंगवणी, ऑटोवरच्या भोंग्याचे बोल, सगळं. मालकाची अट एकच: लोक हसले पाहिजेत. मलाही ती आवडते. हसलेला माणूस दुकानाचं नाव विसरत नाही.

त्या वेळच्या भोंग्यातली ओळ अशी होती: "उधारीवाल्यांनो, रस्ता बदलून जाऊ नका! मागच्या गल्लीतही आमचा कॅमेरा आहे!" चौकात पोट्टे खो-खो हसत होते. पानठेल्यावर ती ओळ लोकांच्या तोंडी बसली होती. मी खूश होतो.

रांगेत सत्तरीचे एक काकाजी होते. धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा. समोर हळदीची पुडी, तुपाची लहान डबी, किलोभर चणाडाळ आणि गुळाची भेली. तेवढ्यात बाहेरून ऑटो गेला आणि माझी ओळ दुकानात घुमली. काउंटरवरचा पोरगा हसला. काकाजींनी दुपट्ट्याची गाठ सोडली, चार घड्या घातलेल्या नोटा काढल्या, मोजल्या. मग डाळ आणि भेली हातानं बाजूला सारली.

"हे राहू दे बापू. हळद न् तूप देऊन दे."

हळद-तूप बैलांच्या खांद्यांसाठी होतं. संध्याकाळी पळसाच्या पानानं खांदे शेकायचे होते. डाळ-गूळ पुरणासाठी. बैलाचं त्यांनी ठेवलं, घरचं परत केलं.

मी पुढे झालो. "काकाजी, घेऊन जा ना. खात्यावर मांडतील."

"तो भोंगा तुह्याच हाय का?"

"हो जी."

"म्या कधी रस्ता नाई बदलला. कापूस इकला का पयले याच दुकानाचं देतो. मंग हे कोनासाठी म्हनून रायला तू?"

मला उत्तर सुचलं नाही. ते गेले.

आमच्याकडे उधारी ही चटक नाही, पिकाचं वेळापत्रक आहे. जूनमध्ये पहिल्या पावसावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावायची. बियाणं, खत, निंदण, फवारा, सगळा पैसा वावरात जातो. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे घरात येतं, कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, सीतादही, त्याच सुमारास होते, तूर तर संक्रांतीच्या पुढे. पोळा येतो श्रावणातल्या अमावस्येला, ऐन कोरड्या खिशाच्या दिवसांत. त्या दिवसांत उधारीवर हसणं म्हणजे पेरणी केलेल्या माणसावर हसणं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी याच मातीतला. पण लिहिताना चौकातले पोट्टे डोळ्यांपुढे होते, रांगेतले काकाजी नव्हते.

मागे एकदा बाहेरच्या जाहिरातवाल्यांनी "डाळीवर सांबार फ्री" असा फलक आमच्याकडे लावला होता. बाया पिशव्या घेऊन आल्या आणि हातात मसाल्याची पाकिटं पडली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि ती तर भाजीवालीही वरून देते. तेव्हा मी तावातावानं म्हणालो होतो की यांना आपली भाषा कळत नाही. भाषा कळूनही माणूस दुखावता येतो, हे त्या सकाळी दिसलं.

ऑटो खेड्यांकडे निघायच्या आत मी थांबवला. मालकाला फोन केला. ते आधी चिडले, ओळ तर गाजते आहे म्हणाले. मी डाळीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत उधारी तर आपन देतोच ना. मंग तसंच सांग."

खांदशेकणीला बैलांना आमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. रात्री तेच धरलं. पोळ्याच्या सकाळी भोंगा बोलू लागला: "सर्जाभाऊ, राजाभाऊ, आवतन भेटलं का? मालकाले सांगा, पुरनाची डाय आमच्याकडं हाय. पैसे बोंडं फुटल्यावर! मालक लाजत असन, तं खातं तुमच्याच नावानं मांडतो!"

काकाजींचं गाव विचारून काढलं आणि संध्याकाळी तिथं गेलो. तोरणाखाली बैल उभे होते, शिंगांना बेगड, अंगावर झूल. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची चुरचुरीत कवनं, रंगात आल्या होत्या. काकाजींनी मला गर्दीत पाहिलं, बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं सुरू केलं:

"वाटी वाटी डाय, वाटीले भोक,
काल म्हने भोंगा, पैसा आना रोख;
आज म्हने सर्जा, खातं तुह्या नावं,
अंगठा नाई बैलाले, खूर कुठी लावावं?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

सगळं गाव हसलं. कोणाचीच मान खाली गेली नव्हती. मी पोट धरून हसलो आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तोरण तुटलं, बैल घराकडे निघाले. मी काकाजींजवळ जाऊन कालच्या ओळीबद्दल माफी मागितली. त्यांनी ती हातानंच उडवून लावली. मग मी विचारलं, "काकाजी, ही झडती तुमच्याच आवाजात भोंग्यावर लावू का? उद्या तान्ह्या पोळ्याले?"

"दुकानवाला रागवन ना."

"नाही रागवत. मी त्यांना विचारून घेतो."

मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सर्जाची दोरी नातवाच्या हाती दिली, दुपट्टा सारखा केला, घसा खाकरला.

"पयल्यापासून म्हनू का?"