हतनूरचा गाळ

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

या हंगामातले पहिले थापट्या, रुंद चोचीची ती पाहुणी बदकं, आज दिसले. पंचवीस-तीस असतील, जास्त नाहीत. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे साठून पसरलेल्या पाण्यात, चांगदेवच्या अलीकडे, जिथे पाणी जेमतेम गुडघाभर आहे तिथे सगळे चोची पाण्यात खुपसून गोल गोल फिरत होते. मान वर करायलाही फुरसत नव्हती त्यांना. सैबेरियाकडून आलेला पक्षी आपल्या तापी-पूर्णेच्या चिखलात पहिला घास घेतो, तो क्षण आपण काठावर उभं राहून पाहतो, याचा आनंद मला दरवर्षी नव्याने होतो.

नाना सोबत आले होते. केळीबागेतली कामं पडलेली असताना त्यांनी सकाळ माझ्यासाठी मोकळी काढावी, हेच मोठं. काल रात्री म्हणाले, "चाल, मी बी पाहतो तू एवढं काय पाहते तठी." पहाटे फैजपूरहून निघालो. चांगदेवच्या देवळाखाली पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता, पण संगमावरचं धुकं अजून हललं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं फक्त आवाज. चक्रवाकांचा तो घोगरा हाकारा आधी ऐकू आला आणि धुकं विरळ झाल्यावर समोरच्या वाळूवर त्यांच्या तीन जोड्या दिसल्या, भगव्या रंगाच्या. लडाख-तिबेटाकडे घरटी करून दिवाळीच्या सुमारास हे इकडे उतरतात. पट्टकादंब हंस अजून आलेले नाहीत. त्यांना डिसेंबर उजाडतो.

नानांच्या हातात दुर्बीण दिली. त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो गाळच. "केवढा भरला गं," म्हणाले. ते खरंच आहे. तापी मुलताईकडून येते, पूर्णा सातपुड्यातून उतरून वऱ्हाडच्या काळ्या मातीतून वाहत येते, आणि दोघींनी आणलेली माती इथे हतनूरच्या पोटात बसते. पूर आला की धरणाचे ४१ दरवाजे उघडतात, बरीच माती पाण्याबरोबर पुढे जाते, तरी मागे राहते तीही थोडीथोडकी नाही. नानांसारख्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला त्या गाळात कमी झालेलं पाणी दिसतं. रावेर-यावल पट्ट्यात विहिरी किती खोल गेल्या ते आमच्या घराला सांगायला नको. केळीला बारा महिने पाणी लागतं. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही, आणि काढायचंही नाही.

मला मात्र त्यांना त्याच गाळाची दुसरी बाजू दाखवायची होती. म्हणून एकेक पक्षी दाखवत गेले. थापट्याची चोच पुढे चमच्यासारखी रुंद आणि कडांना बारीक दात. पाणी आत घेतो, बाजूने सोडून देतो, गाळातले किडे-कीटक, बिया तेवढ्या आत राहतात. त्याच्या पलीकडे तलवार बदकं होती. त्यांची मान लांब, म्हणून जरा खोल पाण्यात शेपूट वर करून तळाशी पोचतात. चक्रांग बदक लहान, ते काठाशीच. शेकाट्या लांब गुलाबी पायांनी पाण्यात चालत चोच मारतो. छोटा टिलवा ओल्या चिखलाच्या वरच्या थरातलं टिपतो, आणि गवताच्या कडेला दबून बसलेला पाणलावा आपली लांब चोच पार मुळापर्यंत चिखलात घालतो. त्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, त्यामुळे न दिसणारी अळीही त्याला सापडते. एकाच चिखलात प्रत्येकाचा थर वेगळा, कुणी कुणाचं खात नाही. वीतभर पाणी कमी-जास्त झालं तरी यातला कुणीतरी उपाशी राहतो.

नाना बराच वेळ पाणलाव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे भी आपल्यासारखेच. ज्याचं त्याचं वावर ठरेल आहे." मला फार बरं वाटलं.

मेहूणच्या बाजूला जायचं होतं. जाळी सोडवत बसलेल्या एका मासेमाराने अडवलं, "ताई, पुढं नका जाऊ. वरून कडक दिसतं, खाली मांडीभर गाळ हाय." त्यामुळे तिथूनच परतलो. तेवढ्यात कैकर, मासे पकडणारा शिकारी पक्षी, आला, पाण्यावर क्षणभर घिरट्या घालून पाय पुढे करून कोसळला आणि मासा घेऊन पूर्णेवरून निघून गेला. मासेमाराने मान वर करून पाहिलं, हसला आणि पुन्हा गाठीला लागला.

पक्षी सप्ताह चालू आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारीख सलीम अलींचा, म्हणून या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यभर पाळतात. चितमपल्ली या जूनमध्ये गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला सप्ताह. आपल्या खान्देशाला पक्ष्यांच्या बाबतीत मान खाली घालायचं कारण नाही, हेही लिहून ठेवते. शंभरावर वर्षं कुणाच्या नजरेला न पडलेला रानपिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच पुन्हा सापडला. हतनूर तर महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांच्या यादीत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, राज्यातलं ते पहिलं. तेही बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळावरच उभं राहिलेलं पक्ष्यांचं राज्य आहे. आपल्या हतनूरकडे तेवढ्या आस्थेने कुणी पाहावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी घरी कळण्याची भाकरी आणि भरीत. बामणोदची वांगी आली आहेत आता. जेवताना नानांनी स्वतःच विषय काढला. "गाळ काढायचा झाला तर मधून काढावा. काठ ठेवावा. मग तर झालं?" मी म्हटलं, एवढ्याने होत नाही. आज जिथे काठ आहे तिथे मार्चमध्ये कोरडी जमीन असेल. रब्बीला पाणी सुटलं की काठ रोज आत आत सरकतो आणि पक्षी त्याच्या मागे मागे जातात. मधे उभा खड्डा केला तर जानेवारीत पाणी त्या खड्ड्याच्या कडेला जाऊन थांबेल आणि तिथे टिलव्याला पाय टेकायलाही जागा नसेल. खोली मिळवायची तर जुन्या नदीपात्रात मिळवावी आणि तिथून काठापर्यंत जमीन निवांत चढत यावी.

नाना ताट बाजूला सारून म्हणाले, "कागदावर काढून दे." पाणी वापर संस्थेच्या बैठकीत ते हे बोलणार आहेत. एका बाजूला फुगवट्याचा आडवा छेद काढला, नोव्हेंबरची, जानेवारीची आणि मार्चची पाणीरेषा आखली, आणि प्रत्येक रेषेवर कोण उभं असेल त्याचं नाव लिहिलं. पाणलाव्याचं नाव नानांनी सांगून तिन्ही रेषांवर लिहायला लावलं.