गॅलिना: शिशावर वसलेलं गाव

शिकागोहून हायवे २० धरला की साधारण तीन तासांत गॅलिना येतं. इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या जो डेव्हिस काउंटीची कचेरी इथे आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आतच. बाबा साताऱ्याहून आले होते, त्यांना घेऊन ऑक्टोबरात गेलो.

गाडी नदीपल्याड, जुन्या रेल्वे स्टेशनाजवळ लावा आणि पायपुलावरून गावात शिरा. मेन स्ट्रीटवर शनिवार-रविवारी जागा मिळत नाही. पुलावर बाबा थबकले. "एवढ्याशा पाण्यात आगबोटी?" हो, आगबोटी. मिसिसिपीतून त्या थेट इथे येत आणि शिसं भरून नेत. गॅलिना हे नावच शिशाच्या खनिजाचं. १८४५ च्या सुमारास अमेरिकेतलं जवळजवळ ८० टक्के शिसं या काउंटीतून निघे. भट्ट्यांसाठी आसपासचं रान तुटलं, शेतं वाढली, उघडी माती वाहून आली आणि नदी गाळानं भरली. तेवढ्यात रेल्वेही आली आणि बंदराची गरज संपली. जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसा गावात राहिला नाही, म्हणूनच ती वळणदार विटांची बाजारपेठ आज जशीच्या तशी दिसते. रस्त्याच्या तोंडाशी पूर अडवणारे मोठे दरवाजे आहेत, तेही बघा.

युलिसिस ग्रँट, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांचा सेनापती. त्याचं घर सगळेच बघतात, तुम्हीही बघा. १८६० मध्ये हा माणूस इथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करत होता. १८६५ मध्ये ते युद्ध जिंकून परतल्यावर गावकऱ्यांनी त्याला हे घर भेट दिलं आणि १८६९ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. आतलं बरंचसं सामान त्याच कुटुंबाचं आहे. घर रोज उघडं नसतं, निघण्याआधी वेळ तपासा.

मला मात्र ओढ होती पोस्टाची. ही इमारत उभी राहिली ती ईली पार्करच्या देखरेखीखाली. पार्कर सेनेका जमातीचा. कायदा शिकला, पण मूळ रहिवासी म्हणून तो नागरिकच नव्हता, त्यामुळे वकिलीची सनद नाकारली गेली. मग तो इंजिनिअर झाला, सरकारी कामावर गॅलिनात आला आणि इथेच त्याची ग्रँटशी मैत्री जमली. ९ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती जनरल ली ग्रँटला शरण आला, तेव्हा शरणागतीच्या अटींची पक्की प्रत पार्करच्या हातची होती. ज्याला कोर्टात उभं राहू दिलं नाही, त्याच्या अक्षरात तो कागद आहे. हे सांगताना माझा आवाज भरून आला. बाबा बराच वेळ त्या दगडी भिंतीला हात लावून उभे होते.

बेंच स्ट्रीट आणि त्यावरचा प्रॉस्पेक्ट स्ट्रीट जिन्यांनी जोडलेले आहेत. गुडघे दुखत असतील तर वर गाडीनं जा आणि जिने उतरत या. बर्फाच्या दिवसांत ते टाळाच. शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी बरोबर ठेवा. आम्ही ग्रँट पार्कच्या बाकावर बसून खाल्ल्या.

पोस्ट अजून चालू आहे. बाबांनी तिथून काकांना साताऱ्याला कार्ड टाकलं. तुम्हालाही टाकायचं असेल तर शुक्रवारीच पोचा. रविवारी खिडकी बंद असते.