डोक्यावरचा रुमाल आणि ताजुलमुल्काचा घुमट

इराणमधल्या इस्फहानच्या जामे मशिदीची छायाचित्रे दाखवून झाली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा विटांबद्दल नसतोच. ‘तुम्ही डोक्यावर रुमाल घेतला होतात?’ विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, कारण नुकत्याच पाहिलेल्या छायाचित्रात मी राखाडी रुमालात उभी आहे. खरा प्रश्न त्याच्या आड असतो: शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी २०१६ साली हिरिरीने लेख लिहिणारी बाई, रुमाल नीट घेतला नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूला जेमतेम वर्ष झालेले असताना, तिच्याच देशात डोके झाकून हिंडली कशी? काही मंडळी याच्याही पुढे जाऊन ‘आपल्या देवळात भांडता आणि तिकडे निमूट झाकता’ असे सुनावतात. त्यांना मी उत्तर देत नाही, कारण इराणच्या बायकांचे काय होते याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. ज्यांना ते असते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आजवर मी दोन उत्तरे देत आले. तो त्या देशाचा कायदा आहे आणि परदेशी पर्यटक बाईलाही लागू आहे, हे पहिले. गुरुद्वाऱ्यात आपण डोक्यावर पदर घेतोच की, हे दुसरे. दुसरे उत्तर सभेत चालून जाते, पण ते लंगडे आहे. गुरुद्वाऱ्याच्या पायरीवर घेतलेला पदर त्याच पायरीवर उतरतो आणि रस्त्यात तो घेतला नाही म्हणून कोणी गाडीत कोंबत नाही. इस्फहानच्या मशिदीच्या दारात मी पोहोचले तेव्हा रुमाल विमानतळापासून डोक्यावर होता. बाजारात होता, हॉटेलच्या जिन्यात होता. त्यामुळे मशिदीच्या उंबरठ्यावर मान राखण्यासाठी म्हणून वेगळे काही करण्याची संधीच मला मिळाली नाही. त्यातला आदर किती आणि धास्ती किती हे मला आजही वेगळे काढता येत नाही.

मग गेलातच कशाला, असेही विचारले जाते. शिराझची नासिर-उल-मुल्क मशीद, तिच्या रंगीत काचांचा सकाळचा उजेड, हे सारे घरबसल्या पाहता येते. इस्फहानच्याच नक्श-ए-जहान चौकातली शेख लुत्फुल्लाहची मशीदही चित्रांतून बरीचशी कळते. जामे मशीद तशी कळत नाही. अब्बासी काळातल्या खांबांच्या मशिदीत प्रत्येक राजवटीने भर घालत, काही पाडत, काही जोडत ती घडवली आहे. सेल्जुक सुलतान मलिकशाहाचा वजीर निजामुलमुल्क याने १०८६-८७च्या सुमारास दक्षिणेला मेहराबापुढे, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढे, मोठा घुमट बांधला. त्याचा दरबारी प्रतिस्पर्धी ताजुलमुल्क याने लगेच १०८८-८९ मध्ये त्याच अक्षावर, उत्तरेच्या टोकाला, दुसरा उभारला. तो लहान आहे, व्यास सुमारे दहा मीटर, उंची वीसेक. पण दोघांत सरस तोच, असे माझे ठाम मत आहे. आत निळी फरशी नाही, रंग नाही, फक्त वीट. चौरसाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाच्या सोळा बाजू होतात आणि त्यांवर वर्तुळ टेकते. आणि त्या वर्तुळाच्या पोटात विटांच्या उठावदार पट्ट्यांनी पाच टोकांची चांदणी बांधलेली आहे. सोळाला पाचने भाग जात नाही, तरी कुठे सांधा दिसत नाही. वास्तुकला शिकवणाऱ्या माणसाला हे नकाशावरून उलगडत नाही, त्याखाली जाऊन मान मागे टाकावी लागते.

आणि मान मागे टाकली की रुमाल घसरतो. एका हाताने तो हनुवटीखाली धरून दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळायचा, अशी माझी कसरत चालली होती. शेवटी गळ्यापाशी मी पिन लावली. घुमटाखाली एक विद्यार्थिनी फरशीवर उताणी झोपून वहीत आकृती काढत होती. तिचा रुमाल घडी करून तिच्या डोक्याखाली उशीसारखा ठेवलेला होता. उभ्याने मोजू नका, आडव्या व्हा, असे तिने मला सांगितले. मला कामापुरती फारसी येते. मी आडवी झाले, आणि पट्ट्या कुठून सुटतात, कुठे एकमेकींना छेदतात, हे आम्ही दोघींनी बोटांनी हवेत रेघा ओढत लावून पाहिले. तेवढ्यात देखरेखीचा माणूस आला. वयस्कर होता, उद्धट मुळीच नव्हता. दारातच थांबला आणि नजर दुसरीकडे ठेवून त्याने तिला रुमाल घ्यायला सांगितले. घुमट असाच दिसतो, ती म्हणाली, आणि उठली नाही. त्याने पुन्हा सांगितले. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, या खानुम पाहुण्या आहेत, हिंदुस्थानातून आल्या आहेत, त्यांनी नियम पाळला. तू तर इथलीच.

तिने माझ्याकडे पाहिले. राग असता तर बरे झाले असते. मी तिथे आहे हे ती विसरली होती आणि आता तिला आठवले, एवढेच त्या पाहण्यात होते. तिने वही मिटली, रुमाल खांद्यावर टाकला, डोक्यावर नाही, आणि ती निघून गेली. मी काही बोलले नाही. पिन गळ्यापाशी तशीच होती.

दाराशी नियम मान्य करून आत जाणारी प्रत्येक बाई त्या नियमाची पहारेकरी होते, असे मी २०१६ च्या लेखात लिहिले होते. शिंगणापूरबद्दल लिहिताना ते वाक्य मला फार आवडले होते. इस्फहानला ते माझ्यावरच उलटले.

तेव्हाच रुमाल काढून का टाकला नाहीत, असे माझ्या विद्यार्थिनी विचारतात. काढला असता तर मला फार तर समज मिळाली असती किंवा विमानात बसवून दिले असते. नाव नोंदले गेले असते ते तिचे, आणि परदेशी बाईला चिथावल्याचा ठपकाही तिच्यावर आला असता. हा युक्तिवाद खरा आहे. तो माझ्या सोयीचाही आहे. त्या क्षणी मी हा विचार केला होता की हॉटेलवर परतल्यावर जुळवला, याची मला खात्री देता येत नाही. २०१६ ची मी म्हणेल, की मग न जाणे हाच पर्याय होता. तिला माझे म्हणणे असे, की ती घरी बसली असती तर त्या माणसाला दाखवायला दुसरी कोणी पाहुणी मिळाली असती, आणि घुमट मात्र तिने पाहिला नसता. यावर ती म्हणते, हे तर सगळेच पहारेकरी म्हणतात. इथे आमचे भांडण अडकते.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने सेल्जुक घुमटांवर प्रबंध करायचा म्हणून सरळ विचारले, बाई, मी जाऊ का? उत्तरेच्या घुमटाखाली आडवी होऊन पाहा, सोबत मोजपट्टी ने आणि पट्ट्यांच्या छेदांचे कोन टिपून आण, ते माझे अर्धवट राहिले आहेत, असे मी तिला सांगितले. रुमालाचे काय, हे तिने विचारले तेव्हा तुझे तू ठरव, एवढेच मी म्हणाले, आणि तिला ते उत्तर आवडले नाही.