सांगून जायचं

बर्लिनमध्ये आम्हाला आता तीन वर्षं होत आली. चिरंजीव सव्वादोन वर्षांचे झाले, तेव्हा त्यांना किटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत घालायचं ठरलं. कागदपत्रांचं पुराण लावत नाही. युगेंडआम्ट, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडून व्हाउचर मिळतं, बर्लिनमध्ये फी माफ आहे आणि जेवणाचे महिना २३ युरो तेवढे भरायचे. जागा मिळणं मात्र कर्मकठीण. चाळीसेक ईमेल टाकले, उत्तरं आली तीन. शिवाय गोवराच्या लसीचा पुरावा नसेल तर दारातूनच परत, २०२० पासून तसा कायदाच आहे. कपाटात तळाशी गेलेलं पुण्याचं लसीकरण कार्ड तेव्हा एकदम मौल्यवान झालं.

खरी कथा त्यापुढची. आइनगेव्योनुंग, म्हणजे मूल रुळवणं. तीन-चार आठवडे धरून चला, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. मला हसूच आलं. माझ्या भाचीला पहिल्याच दिवशी गेटवर सोडलं होतं; आठवडाभर रडली, मग राहिली.

पहिले तीन दिवस तासभर जायचं आणि मी कोपऱ्यात बसून राहायचं. त्याच्याशी खेळायचं नाही, ‘जा ना, बघ किती छान गाडी’ म्हणून पुढे ढकलायचं नाही, मोबाइल तर नाहीच. तो आला तर कुशीत घ्यायचं, एवढंच काम. वीतभर उंचीच्या त्या खुर्चीवर माझे गुडघे हनुवटीला टेकत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा सोडून बघतात; पण आम्ही सुरुवात केली बुधवारी, म्हणजे चौथा दिवस सोमवार. शनिवार-रविवार घरी काढून आलेल्या मुलाला सोमवारी सोडायचं नाही, असा नियम. म्हणून मंगळवार.

आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्याचं लक्ष नसलं की हळूच सटकायचं. सांगितलंस की भोकाड पसरणारच.” माझंही तेच मत होतं. मंगळवारी तो ठोकळ्यांत रमलाय असं बघून मी दाराकडे सरकले, तर बाईंनी दंडाला धरून थांबवलं. सांगून जा म्हणाल्या. माझं जर्मन तोडकं, पण पुढचं वाक्य बरोबर कळलं: तुम्ही गुपचूप गेलात, तर तो उद्यापासून खेळणार नाही, दारावर पहारा देईल.

“आई येते हं,” मी म्हटलं. आपण ‘जाते’ म्हणत नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, ही आहे तिथेच, मग येते कुठून? दार लागताच त्याने हंबरडा फोडला. बाईंना तो आवरेना. तीन मिनिटांत मला परत बोलावलं. पुढचा प्रयत्न थेट शुक्रवारी. मग पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास. मी बाहेरच्या खोलीत जॅकेट आणि चिखलात घालायच्या रबरी पँटी टांगलेल्या खुंट्यांखाली बसून असायची.

त्याला फक्त मराठी येतं, म्हणून मी बाईंना रोमन लिपीत चिठ्ठी करून दिली होती: पाणी, शू, शी, झोप, नको. बाईंनी ती फ्रिजवर चिकटवली. आठवड्याभरात एक सोनेरी केसांची चिमुरडी बटाट्याची ताटली सरकवून ‘नको’ म्हणायला लागली. चिरंजीवांचा तिथला पहिला सामाजिक प्रभाव हा.

चौथ्या आठवड्यात तो आजीने शिवलेल्या गोधडीवर तिथे दुपारी झोपला. तोवर आमचा करार ठरला होता: ‘झोपून उठलास की आई येते.’ रोज सकाळी तो ‘झोपून उठलो की?’ असं विचारायचा आणि उत्तर मिळालं की सोडायचा माझा हात.

पुढच्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले, ९० दिवसांच्या व्हिसावर. परतीचं विमान पहाटेचं. “झोपलाय तोवर निघतो,” सासूबाई म्हणाल्या. मी ऐकलं नाही, त्याला उठवलं. डोळे चोळत तो दारात उभा राहिला.

“येते हं, बाळा,” सासूबाई म्हणाल्या.

“झोपून उठलो की?”

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. खाली टॅक्सी येऊन थांबली होती.